‘क्लिओपात्रा’चा पत्रव्यवहार वाचताना: सूचीपासून परवानगीपर्यंत

१९६३ साली पडद्यावर आलेल्या ‘क्लिओपात्रा’च्या निर्मितीचा पत्रव्यवहार वाचून त्याचा तारीखवार तक्ता तयार करण्याचं काम नुकतंच हातावेगळं झालं. जुन्या चित्रपटाच्या कार्यालयीन कागदांवर काम करायचं तर सुरुवात कुठून करावी, कुणाला लिहावं आणि पेटी उघडल्यावर आत नेमकं काय बघावं, हे मराठीत कुठे वाचायला मिळालं नव्हतं. ते इथे क्रमाने लिहिते आहे. दुसऱ्या एखाद्या रखडलेल्या महाचित्रपटावर काम करणाऱ्यालाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

जानेवारीत फक्त सांगाडा तयार केला. सगळ्यांना माहीत असलेल्या तारखा एका कागदावर मांडल्याशिवाय पत्रांना हात लावू नये, कारण पत्र लिहिणारा पार्श्वभूमी कधीच सांगत नाही. वाचणाऱ्याला ती ठाऊक असते. या चित्रपटाचा सांगाडा असा. २८ सप्टेंबर १९६० रोजी लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत रूबेन मामूलियन यांच्या दिग्दर्शनाखाली चित्रीकरण सुरू झालं. नायिका एलिझाबेथ टेलर आजारी पडल्या, हवामानाने साथ दिली नाही, नोव्हेंबरमध्ये काम थांबलं. जानेवारी १९६१मध्ये मामूलियन बाहेर पडले आणि त्यांच्या जागी दिग्दर्शक म्हणून जोसेफ मँकिएविझ आले. मार्चमध्ये टेलर यांना न्यूमोनिया झाला, श्वासनलिकेला छेद देऊन त्यांचा जीव वाचवावा लागला. पाइनवुडचे सेट सोडून द्यावे लागले. तोवर सुमारे ७० लाख डॉलर खर्च झाले होते आणि हाती होती जेमतेम दहा मिनिटांची फिल्म. पीटर फिंच आणि स्टीफन बॉइड यांच्या जागी रेक्स हॅरिसन आणि रिचर्ड बर्टन आले, आणि २५ सप्टेंबर १९६१ रोजी रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत सगळं पहिल्यापासून सुरू झालं. जून १९६२मध्ये निर्माते वॉल्टर वेंगर यांना दूर करण्यात आलं. त्याच महिन्यात चित्रपट काढणाऱ्या ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स कंपनीचे अध्यक्ष स्पायरोस स्कूरास यांनी राजीनामा दिला. जुलैत डॅरिल झॅनक अध्यक्ष झाले. ऑक्टोबरमध्ये त्यांनी मँकिएविझ यांना काढलं आणि पुढे पुन्हा बोलावलं. फेब्रुवारी १९६३मध्ये स्पेनमध्ये राहिलेलं चित्रीकरण झालं. १२ जून १९६३ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरात २४३ मिनिटांचा चित्रपट दाखवला गेला.

या सांगाड्यातूनच एक गोष्ट लक्षात येते. पैसा मंजूर करणारे न्यूयॉर्कला, स्टुडिओ लॉस एंजेलिसला, चित्रीकरण आधी लंडनला आणि मग रोमला. ही माणसं एका इमारतीत असती तर निम्म्या गोष्टी दारात उभ्या उभ्या मिटल्या असत्या. इथे प्रत्येक गोष्ट लिहावी लागली, आणि म्हणूनच आज ती वाचता येते.

कागद एका ठिकाणी नाहीत. वेंगर यांचा संग्रह विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीकडे मॅडिसनला आहे, मँकिएविझ यांचा बेव्हर्ली हिल्सच्या मार्गरेट हेरिक लायब्ररीत. शिवाय फॉक्सचे दोन प्रसिद्धी अधिकारी, जॅक ब्रॉडस्की आणि नेथन वाइस, यांनी चित्रीकरणाच्या काळात एकमेकांना लिहिलेली पत्रं १९६३ सालीच पुस्तकरूपाने छापली गेली. सुरुवात छापील पत्रांपासून करावी. जुनी प्रत सहसा परवडणाऱ्या किमतीत मिळते आणि त्यातून माणसांची पहिली नावं, टोपणनावं, कोण कुणाचं ऐकतं हे कळतं. अभिलेखागारातल्या पत्रात नुसतं ‘जो’ किंवा ‘वॉल्टर’ असतं, आडनाव नसतं. ही ओळख आधी झाली नसेल तर पहिला आठवडा नावं जुळवण्यातच जातो.

फेब्रुवारीत संग्रहांच्या सूच्या वाचल्या. अभिलेखागारात पत्रागणिक नोंद नसते. पेटी आणि फोल्डर इथपर्यंतच नोंद असते. ‘पत्रव्यवहार, १९६१’ एवढंच शीर्षक असलेल्या फोल्डरमध्ये दहा कागद असू शकतात किंवा तीनशे. चित्रपटाच्या नावाखालचे फोल्डर तर मागवायचेच, पण वकील, विमा, हिशेब आणि वैयक्तिक पत्रं अशा शीर्षकांखालचेही मागवायचे. अडचणीत आलेल्या चित्रपटाची खरी पत्रं पुष्कळदा वकिलाच्या फाइलमध्ये जाऊन बसलेली असतात, कारण भांडण झाल्यावर ती तिथे गोळा केली जातात.

ईमेल लिहिताना संग्रहाचं पूर्ण नाव, क्रमांक, पेटी, फोल्डर, भेटीच्या तारखा आणि कामाचा हेतू एवढंच लिहावं. सोबत पाच प्रश्न विचारावेत: संग्रहाच्या एखाद्या भागावर निर्बंध आहे का, पेट्या दुसऱ्या गोदामात आहेत का आणि आणायला किती दिवस लागतात, एका दिवसात किती पेट्या मिळतात, स्वतःच्या कॅमेऱ्याने फोटो काढता येतात का, आणि लांबून स्कॅन मागवले तर दर काय. शेवटचे दोन प्रश्न खर्च ठरवतात. फोटोला परवानगी असेल तर प्रवास परवडतो. नसेल तर निवडक फोल्डरांचे स्कॅन मागवणं स्वस्त पडू शकतं. वाचनकक्षात बसायला शुल्क नव्हतं. मोठा खर्च प्रवासाचा आणि राहण्याचा.

अमेरिकेला प्रत्यक्ष जायचं तर स्वतंत्र संशोधनासाठी बी-१ व्हिसा चालतो. त्याची फी १८५ डॉलर, आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. मुलाखतीच्या तारखेसाठी काही महिने थांबावं लागू शकतं, म्हणून अभिलेखागाराकडून ‘या तारखांना पेट्या उपलब्ध आहेत’ असं उत्तर आल्याबरोबर अर्ज करावा, तिकिटं नंतर काढावीत. ते उत्तर छापून मुलाखतीला जवळ ठेवावं. हे महिने वाया जात नाहीत. याच काळात तक्त्याचे रकाने ठरवले: लिहिल्याची तारीख, पोचल्याचा शिक्का, लिहिणारा, घेणारा, प्रत कुणाला, ठिकाण, कागदाचा प्रकार, रक्कम, चलन, एका ओळीत विषय, पेटी आणि फोल्डर. पोचल्याच्या तारखेचा रकाना आधी निरुपयोगी वाटला होता. शेवटी सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला.

सप्टेंबरात वाचनकक्षात बसायला मिळालं. पहिली पेटी समोर आली तेव्हा छातीत धडधडत होतं; एवढ्या लोकांचं काम, पैसा आणि मनस्ताप त्या पुठ्ठ्याच्या पेटीत होता. नियम सगळीकडे साधारण सारखेच: बॅग लॉकरमध्ये, पेन नाही, फक्त पेन्सिल, एका वेळी एक पेटी आणि त्यातला एकच फोल्डर उघडा, बाहेर काढलेल्या फोल्डरच्या जागी खुणेची पट्टी. कागदांचा क्रम बदलायचा नाही, तो चुकीचा दिसत असला तरी. कारण क्रम हाही पुरावा असतो. दोन वेगळ्या महिन्यांची पत्रं शेजारी ठेवली असतील तर त्या माणसाने ती कधीतरी एकत्र वाचली होती. गंजलेली टाचणी दिसली तर स्वतः काढू नये, कर्मचाऱ्याला सांगावं.

फोटो काढताना पेटी आणि फोल्डर क्रमांकाची चिठ्ठी प्रत्येक फोटोत यावी. फक्त पहिल्या फोटोत ठेवली तर महिन्याभराने मधला एखादा फोटो कुठल्या फोल्डरातला हे सांगता येत नाही, आणि ज्याचा ठावठिकाणा देता येत नाही ते पत्र वापरता येत नाही. कोऱ्या दिसणाऱ्या मागच्या बाजूचाही फोटो घ्यावा. आवक शिक्का आणि पेन्सिलीतले शेरे तिथे असतात. त्या काळी उष्णतेवर निघणाऱ्या थर्मोफॅक्स प्रती वापरात होत्या. त्या कागदाचा रंग वर्षागणिक गडद होत जातो आणि अक्षरं पार्श्वभूमीत बुडतात. असे तपकिरी, ठिसूळ कागद दिसले की त्यांचे फोटो सर्वात आधी घ्यावेत.

आता मुख्य भाग, कागद वाचायचा कसा.

पाठवणाऱ्याच्या फाइलमध्ये मूळ पत्र नसतं, पातळ कागदावरची कार्बन प्रत असते. कार्बन प्रत असणं म्हणजे पत्र गेलं असं नाही. रागाच्या भरात लिहून न पाठवलेल्या पत्रांच्याही प्रती उरतात. पत्र गेल्याची खात्री दोनच गोष्टींनी होते: घेणाऱ्याच्या संग्रहात शिक्का असलेलं मूळ पत्र, किंवा ‘तुमचं अमुक तारखेचं पत्र मिळालं’ अशी पोच. मात्र कार्बन प्रतीत एक गोष्ट अशी असते जी मूळ पत्रात नसते. गुपचूप तिसऱ्याला पाठवलेल्या प्रतीची नोंद फक्त कार्बनवर टाइप केलेली असते. दिग्दर्शकाला लिहिलेलं गोड पत्र त्याच दिवशी अध्यक्षांच्या कार्यालयात गेलं होतं का, हे तिथेच कळतं. खाली डाव्या कोपऱ्यात मोठ्या लिपीत मजकूर सांगणाऱ्याची आणि लहान लिपीत टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं असतात. सही एकाची आणि आद्याक्षरं दुसऱ्याची असतील तर पत्र दुसऱ्याने रचलेलं आहे.

पत्राच्या माथ्यावरचा छापील पत्ता म्हणजे लिहिण्याचं ठिकाण नव्हे. लोक हॉटेलचे, कंपनीचे कोरे कागद सोबत नेत. रोमबाहेर टोरे अस्तुराच्या किनाऱ्यावर अलेक्झांड्रियाचा सेट उभा होता, इस्किया बेटावर आणि इजिप्तमध्येही चित्रीकरण झालं. तिथून जाणारा मजकूर रोमच्या कागदावर असू शकतो. ठिकाण ठरवायला त्या दिवसाची कॉलशीट, म्हणजे कुणी कुठे आणि किती वाजता यायचं याचा कागद, बघावी.

तारखांचा घोळ सर्वात त्रासदायक. इंग्लंडमध्ये आणि इटलीत आधी दिवस आणि मग महिना लिहितात, अमेरिकेत उलट. ३/४/६१ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? या चित्रपटात हा फरक फार मोठा आहे, कारण मार्चच्या पहिल्या आठवड्यात नायिका मृत्यूशी झुंजत होती आणि एप्रिलमध्ये पुढची आखणी चालू होती. तारीख लिहिणाऱ्याच्या देशावरून नाही, टाइप करणाऱ्याच्या सवयीवरून ठरते. अमेरिकन निर्मात्याची लंडनमधली सचिव ब्रिटिश पद्धतीने तारीख घालते. म्हणून प्रत्येक आद्याक्षरासमोर त्या व्यक्तीची पद्धत लिहून ठेवावी. तेरा ते एकतीसमधला दिवस असलेलं तिचं एखादं पत्र सापडलं की प्रश्न सुटतो.

तारांचं गणित वेगळं. शब्दावर पैसे, त्यामुळे क्रियापदंसुद्धा गाळलेली. एखादा ‘नाही’ वाटेत गळला तर अर्थ उलटा होईल म्हणून नकार दोनदा लिहायची पद्धत होती, आकडे अक्षरी. मागाहून तोच मजकूर पत्राने कायम केला जाई. तक्त्यात तार आणि तिच्या खात्रीचं पत्र एकाच नोंदीत घ्यावं, नाहीतर एकच मागणी दोनदा झाल्यासारखी दिसते.

घड्याळाचा हिशेबही लिहून ठेवावा. हिवाळ्यात रोम न्यूयॉर्कच्या सहा तास आणि लॉस एंजेलिसच्या नऊ तास पुढे. उन्हाळ्यात अमेरिकेत घड्याळं एक तास पुढे जात. इटलीत त्या वर्षांत ती पद्धत नव्हती, म्हणून हे अंतर पाच आणि आठ तासांवर येई. न्यूयॉर्कचं कार्यालय सकाळी नऊला उघडे तेव्हा हिवाळ्यात रोमला दुपारचे तीन वाजलेले. लॉस एंजेलिसमध्ये कुणी टेबलावर बसे तेव्हा रोमला दिवस संपत आलेला असे. सकाळच्या अडचणीला त्याच दिवशी उत्तर मिळणं जवळपास अशक्य. हवाई टपालाला तर काही दिवस लागत आणि पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडत. १० तारखेचं पत्र वाचून लिहिल्यासारखं वाटणारं १२ तारखेचं उत्तर खरं तर ५ तारखेच्या पत्राचं असतं. पोचल्याच्या तारखेचा रकाना नसता तर एखादा माणूस मुद्दाम दुर्लक्ष करतो आहे असं वाटलं असतं. त्याच्या हाती पत्र आलेलंच नव्हतं! या एका गोष्टीने अनेक माणसांबद्दलचं मत बदललं.

पत्राशेजारी त्या दिवसाचा डेली प्रॉडक्शन रिपोर्ट ठेवल्याशिवाय पत्रावर विश्वास ठेवू नये. पत्र म्हणजे त्या दिवशी लिहिणाऱ्याला समोरच्याने काय मानावं असं वाटत होतं त्याची नोंद. रिपोर्ट कोरडा असतो: कोण किती वाजता आलं, पहिला शॉट कधी लागला, किती शॉट झाले, किती फूट फिल्म वापरली, किती वाया गेली, कोण आजारी. त्यात पटकथेची पानं आठव्या हिश्शात मोजतात, म्हणजे दिवसाचं काम २ पूर्णांक ३/८ पानं असं लिहिलेलं असतं. महाचित्रपटात हे मोजमाप फसवं ठरतं. दोन माणसांच्या संवादाची तीन पानं एका दिवसात होतात. क्लिओपात्राचा रोममधला प्रवेश कागदावर थोडक्या ओळींचा असला तरी तो ऑक्टोबर १९६१मध्ये प्रकाशासाठी अडला आणि पुढच्या वसंतात पुरा झाला. त्यामुळे ‘आज फक्त १/८ पान’ एवढं वाचून कामचुकारपणाचा निष्कर्ष काढू नये.

फिल्मच्या फुटांची तुलना करतानाही सांभाळावं. हा चित्रपट टॉड-एओ पद्धतीने, ६५ मिलिमीटर निगेटिव्हवर घेतला गेला. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते, ही ११२.५ फूट. हजार फुटांचं मॅगझिन, म्हणजे कॅमेऱ्याला लावायची फिल्मची पेटी, नऊ मिनिटांच्या आत संपतं. २४३ मिनिटांचा चित्रपट म्हणजे सुमारे २७,३०० फूट. रिपोर्टमधले वापरलेले फूट या आकड्याशी ताडून बघावेत, साध्या चित्रपटाच्या आकड्यांशी नाही.

मग पैसा. तेव्हा पौंड २.८० डॉलरला होता, आणि डॉलरला सुमारे ६२५ लिरा मिळत. दहा लाख लिरा वाचून दचकायला होतं, पण ते फक्त १,६०० डॉलर. रक्कम नेहमी मूळ चलनात नोंदवावी आणि डॉलर शेजारच्या रकान्यात काढावेत. साप्ताहिक खर्चाच्या अहवालात चार आकडे असतात: मंजूर अंदाज, आजवरचा खर्च, उरलेल्या कामाचा अंदाज आणि फरक. पहिले दोन सहसा खरे असतात. लक्ष तिसऱ्यावर ठेवावं. काम तेवढंच उरलेलं असताना हा आकडा आठवड्याआठवड्याने कमी होत गेला, तर कुणीतरी वाईट बातमी पुढे ढकलत आहे. ‘क्लिओपात्रा’च्या एकूण खर्चाचे दोन आकडे फिरतात, ३ कोटी १० लाख आणि ४ कोटी ४० लाख डॉलर. पहिला निर्मितीचा आहे, दुसऱ्यात प्रती, जाहिरात आणि वितरणही धरलेलं आहे. कुठल्याही आकड्याशेजारी त्यात काय धरलं आहे ते लिहिलं नाही तर तुलना फुकट जाते.

खर्च एवढा का वाढला, याचं वृत्तपत्री उत्तर टेलर आणि बर्टन यांचं प्रेमप्रकरण. हिशेबाचे कागद वेगळीकडे बोट दाखवतात. पटकथा पुरी नव्हती. मँकिएविझ दिवसा दिग्दर्शन करत आणि रात्री लिहीत, त्यामुळे चित्रीकरण पटकथेच्याच क्रमाने करावं लागलं. पटकथा तयार असती तर एका सेटवरचे सगळे प्रसंग एकत्र उरकून तो सेट मोडता आला असता आणि त्या प्रसंगांतले नट मोकळे झाले असते. इथे सेट उभेच राहिले आणि नट पगारावर थांबून राहिले. ठरलेली मुदत उलटल्यावर टेलर यांचं प्रत्येक जादा आठवड्याचं मानधन ५०,००० डॉलर होतं. कागदांत हे शोधायचं तर पटकथेच्या सुधारित पानांवरच्या तारखा आणि कलाकारांच्या दिवसपत्रकातल्या खुणा एकत्र लावाव्यात. कामाच्या दिवसापुढे काम, थांबवून ठेवलेल्या दिवसापुढे थांबा, अशी खूण असते. सुधारित पानाची तारीख आणि ते चित्रित झाल्याची तारीख यांत दोन-तीन दिवसांचंच अंतर दिसू लागलं की रात्रीचं लिखाण अगदी चित्रीकरणाला येऊन भिडलं आहे हे कळतं. हा तक्ता करताना मँकिएविझ यांच्याबद्दल मनापासून वाईट वाटलं. एवढ्या थकव्यात एवढं नेटकं लिहिणं सोपं नाही.

आजाराबद्दलचे कागद वाचताना मन कचरतं. कलाकारांच्या विम्यामुळे डॉक्टरांचे अहवाल हिशेबाच्या फाइलमध्ये येतात. कामावर परिणाम करणारा भाग, म्हणजे किती दिवस आणि कुणाच्या सांगण्यावरून, एवढाच तक्त्यात घेतला; बाकीचा उतरवला नाही. टाइप करणाऱ्या, निरोप नेणाऱ्या माणसांची नावंही बाहेर ठेवली.

परतल्यावरचं काम जास्त लांबलं. वाचनकक्षात जेवढा वेळ गेला त्याच्या कैक पट फोटोंना नावं देण्यात आणि नोंदी भरण्यात जातो, तेवढी सवड आधीच काढून ठेवावी. दोन संग्रहांतली एकच पत्रं जोडीने लावली की पोचलेली आणि न पोचलेली वेगळी होतात. रोज थोडंच करावं. संतापाची पत्रं सलग वाचली की डोकं जड होतं आणि नोंदींची भाषा तिरकी होऊ लागते.

शेवटचा टप्पा परवानगीचा. कागद अभिलेखागाराच्या ताब्यात असतो, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याकडे किंवा त्याच्या वारसांकडे असतो. अमेरिकेत अप्रकाशित पत्रावर लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं हक्क राहतो. वेंगर १९६८ साली वारले, म्हणजे त्यांची अप्रकाशित वैयक्तिक पत्रं २०३८ अखेरपर्यंत संरक्षित. कंपनीच्या नोकरीत लिहिलेल्या अप्रकाशित मेमोवर (कार्यालयीन टिपणावर) हक्क कंपनीचा, निर्मितीपासून १२० वर्षं. १९६१चा मेमो २०८१ अखेरपर्यंत. फॉक्सचा चित्रपट स्टुडिओ मार्च २०१९मध्ये डिस्नेकडे गेला, त्यामुळे कंपनीच्या कागदांसाठी पत्र तिकडे. पत्रात संग्रह, पेटी, फोल्डर, तारीख, हवा असलेला नेमका मजकूर आणि तो कुठे, किती प्रतींत छापणार हे सगळं एका पानात द्यावं. ‘सगळ्या पत्रांची परवानगी’ अशी मागणी पुढे सरकत नाही. उत्तर येईपर्यंत काम थांबवावं लागत नाही. घटना, तारखा आणि आकडे यांवर कुणाचा हक्क नसतो, ते स्वतःच्या शब्दांत मांडता येतात. तक्ता तसाच केला आहे: मजकूर कुणाचाच उतरवलेला नाही, प्रत्येक ओळीसमोर पेटी आणि फोल्डर क्रमांक आहे, आणि ज्याला मूळ वाचायचं आहे त्याने तोच क्रमांक ईमेलमध्ये लिहायचा.